दोन झाकणं

शाळेत माझ्या बाकावर बसणारा हा मित्र हिशोबात पक्का होता, त्यामुळे नेमकी मापाची चूक त्याच्या हातून व्हावी याचं मला जास्त वाईट वाटतं.

संशोधन केंद्रात जे ठरतं ते शेतकऱ्यांना समजावून सांगायचं, ही त्याची नोकरी. बावीस वर्षं झाली. लोक त्याला 'पत्रकवाले' म्हणत, पण पत्रक कुणी वाचत नसे. त्यात लिहिलेलं असे, 'पंधरा लिटर पाण्यास तीस मिलिलिटर.' मोजायचं भांडं कुणाकडे असणार? तो सांगे, "फवारणीच्या पंपाला दोन झाकणं." बाटलीचं झाकण त्याने स्वतः मोजलेलं होतं.

यंदा टोमॅटोच्या करपा रोगावरचं नवं औषध तपासायला केंद्राने सहा शेतं निवडली. त्याने सहाही जणांना तेच फोनवर सांगितलं. नव्या बाटलीचं झाकण जवळजवळ दुप्पट मोठं होतं, ते त्याने पाहिलंच नव्हतं. पाच जणांनी "बघू उद्या" म्हणत चालढकल केली, म्हणून त्यांची झाडं वाचली. सहावं शेत गावातल्या काकूंचं; त्यांनी त्याच दिवशी फवारलं. त्यांचा त्याच्यावर फार विश्वास.

चौथ्या दिवशी केंद्राच्या शास्त्रज्ञ बाई आल्या. पानं कडेने जळून गुंडाळली होती. बाटलीचं झाकण पाहताच त्याला स्वतःची चूक कळली.

"किती औषध घातलं?" बाईंनी विचारलं.

काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. "माझंच चुकलं असेल बाई. डोळ्यांना कमी दिसतं हल्ली."

सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवणाऱ्या या काकू! तो मान खाली घालून उभा राहिला. बाईंनी 'शेतकऱ्याने शिफारस पाळली नाही, शेत वगळावे' असं लिहिलं आणि त्याने खाली सही केली.

बाई गेल्यावर इतर पाच जणांना त्याने तिथूनच फोन करून थांबवलं. घरी त्याने सगळं बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "काकूंनी तुमची लाज राखली, आणि तुम्ही?"

सकाळी तो केंद्रात गेला आणि म्हणाला, "झाकणाचं मी सांगितलं होतं."

बाईंनी कालचा शेरा खोडला. मग कागद बदलला. काकूंचं शेत यादीत राहिलं. "पण यापुढे तुम्ही सल्ला द्यायचा नाही. शेतकरी थेट केंद्राला फोन करतील."

हे सांगायला तो शेतावर गेला तेव्हा काकू भडकल्या. "मी आयुष्यात एकदा धड खोटं बोलले, तेही वाया घालवलंत! बरं, आता या झाडांना काय करू?"

"मला सांगायची परवानगी नाही, काकू." त्याने केंद्राचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

पलीकडून कुणीतरी भराभर बोलत होतं. काकू "हो, हो" म्हणत राहिल्या. फोन बंद झाल्यावर त्यांनी तो परत दिला आणि विचारलं, "काय म्हणाली हो ती?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग वाकून एक जळकं पान खुडलं आणि हलक्या आवाजात सांगायला लागला.