क्लब माझा, कौतुक इरफानचं

कुठलाही क्लब काढा, ट्रॉफ्या यायला वर्षं लागतात, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून जमायला लागतात. आमच्या शारजाच्या खो-खो क्लबचे तर इतके झालेत की चहा संपतो, किस्से संपत नाहीत. त्रास एवढाच, की क्लब काढला मी आणि प्रत्येक किस्स्याचा हीरो इरफान! मला कॅप्टन व्हायचंय, लोकांना तो हवाय. माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकतो.

मी पुण्याचा, इन्शुरन्सवाला. इरफान रत्नागिरीचा, इंडस्ट्रियल एरियात स्पेअर पार्ट्सचं दुकान.

*

सुरुवातीला खो-खोचे खांब कुठे मिळेनात. दुबईतल्या रास अल खोरच्या लाकूडवाल्यांकडे भर उन्हात चपला झिजवून मी दोन खांब आणले आणि एका गोदामामागच्या वाळूत रोवले. पहिल्याच दिवशी इरफान नुसता बघायला आला. "जरा खेळून बघू का, साहेब?" म्हणाला आणि त्याने खांबावर अशी झेप घेतली की गडी तर बाद झालाच, खांबही उपटून त्याच्या हातात आला.

टाळ्याच टाळ्या! मग सगळे माझ्याकडे वळले. "केळकर, सिमेंट टाकायला नको होतं का?"

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो हा.

*

एकदा बायको आणि लेक मॅच बघायला आल्या. परत जाताना गाडीत लेक म्हणाली, "बाबा, इरफान अंकल इज ऑल्वेज रनिंग. यू आर ऑल्वेज सिटिंग."

मी शांतपणे समजावलं, की खो मिळेपर्यंत बसून राहायचं हा खेळाचा नियमच आहे.

"देन व्हाय डझंट एनीवन गिव्ह यू खो?"

मी बायकोकडे बघितलं. ती इरफानच्या बायकोने दिलेलं सांदण खात होती. "खूप मऊ झालंय," म्हणाली.

*

अबुधाबीच्या खलिफा सिटीत एक मराठी क्लब आहे. त्यांच्याकडे मॅट आहे, फ्लडलाइट आहेत, आम्ही अजून कानातली वाळू काढतो. त्यांनी इरफानला आपल्या टीममध्ये बोलावलं, तेव्हा त्यांचा हेवा करायचा सोडून मी देव पाण्यात ठेवले. जाऊ दे एकदाचा! निरोप-समारंभ मीच ठरवला, 'गुड लक इरफान' लिहिलेला केक मीच आणला, भाषणसुद्धा पाठ केलं.

इरफान आला, केककडे बघत राहिला. "मी तर त्यांना कालच नाही म्हणून सांगितलं, साहेब. खलास. पण केक आलाच आहे तर यल्ला, कापू या."

पहिला तुकडा त्याने मला भरवला. गिळावा लागला.

*

शेवटी कॅप्टन निवडायचं ठरलं. हात वर करायला लावले तर लोक एकमेकांकडे बघून मत देतात, म्हणून मीच युक्ती काढली. सगळ्यांनी मैदानात ओळीने आपापल्या चौकोनात उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि शिट्टी वाजली की बसायचं. केळकर हवा असेल त्याने गोदामाकडे तोंड करायचं, इरफान हवा असेल त्याने रस्त्याकडे.

शिट्टी वाजली. मी गोदामाकडे तोंड करून बसलो. का नाही बसणार? क्लब काढला कुणी?

डोळे उघडले. उजवीकडे बघितलं, तर ओळीच्या टोकापर्यंत नुसत्या पाठी. सगळे रस्त्याकडे तोंड करून बसलेले. उठून थेट गाडीत जाऊन बसावं असं वाटलं.

मग डावीकडे बघितलं. खो-खोत शेजारचे दोघे एका दिशेला तोंड करून कधी बसत नाहीत. पण माझ्या शेजारी, गोदामाकडे तोंड करून, इरफान बसला होता.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

"बरं झालं, साहेब," तो म्हणाला. "मला भीती होती, भिडेखातर तुम्ही मलाच मत द्याल."