गंगाराम मिस्त्रींची काळी फळी

परतूरहून पोस्टकार्ड आलं तेव्हा मी वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्याच्या बातमीतले शब्द कमी करीत होतो. कार्ड गंगाराम मिस्त्रींच्या मुलाचं, बळीरामचं होतं. ‘बाबा मंगळवारी सकाळी वारले. ताप दोनच दिवस होता. तुम्हाला कळवायचं राहू नये म्हणून लिहितो.’ कमी करण्यासारखा त्यात एकही शब्द नव्हता.

गंगाराम मिस्त्री परतूरच्या स्टेशनरस्त्यावर सुतारकाम करीत. साठीच्या आसपासचे, अंगानं वाळलेले, बोलणं बेताचं. लाकूड हाती आलं की आधी बोटांच्या पेरांनी वाजवून बघत आणि मग बोलत. मी वर्तमानपत्रात येण्यापूर्वी त्यांच्या दुकानासमोरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मुन्शी होतो. सरकी काढून दाबून बांधलेल्या रुईच्या गाठींवर, वरच्या तरटावर, शाईनं नंबर आणि खुणा घालायचं माझं काम. शाई आम्हीच करीत असू. बाभळीची साल पाण्यात उकळायची आणि गाळलेल्या काढ्यात हिराकस टाकायचं. पाणी बघता बघता काळं होई. साल मिस्त्रींच्या दुकानातून यायची. “न्या मुन्शी,” ते म्हणत, “माझा कचरा अन् तुमची दौत.”

युद्धाच्या काळात पेट्रोल मिळेनासं झालं आणि जिनिंगची लॉरी जागेवर बसली. जिनिंगचे मालक, ज्यांना सगळं गाव सेठजी म्हणे, त्यांचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. त्यांनी लॉरीचं इंजिन उतरवलं, कुजलेली लाकडी बॉडी काढून टाकली आणि उरलेल्या लोखंडी सांगाड्याला पुढून जू लावायचं ठरवलं. रबरी चाकांवर गाठी स्टेशनापर्यंत अलगद जातील, हा हिशेब. गाडीवान चाँदमियाँ म्हणाला, “सेठजी, बैलांचं लायसन काढावं लागंल आता.” सांगाडा मजबूत होता. प्रश्न फक्त वरच्या फळ्यांचा होता.

त्या फळ्यांवर आठवडाभर बोलणं चाललं. सेठजींना सागवान हवं होतं. पण त्याचा जंगलखात्याकडचा परवाना अडकून पडला होता आणि हंगाम तोंडावर आला होता. आंबा दोन पावसाळ्यांत कुजतो. निंबाला कीड लागत नाही, पण उन्हात फळी वाकते. मिस्त्रींकडे बाभळीचे दोन जाड ओंडके होते. कीड लागू नये म्हणून त्यांनी ते वर्षभर तळ्यात बुडवून ठेवले होते आणि नंतर सावलीत वाळवले होते.

“सागवान देखणं असतंय,” मिस्त्री म्हणाले. “पण गाठ आदळली की चिरतं. बाभळीवर किती बी आदळा.”

“बराबर सांगता ना? माझी रुई आहे ती.”

“बिलकुल बराबर, सेठजी. माझा शब्द.”

साध्या बैलगाडीत मिस्त्री फळ्या लाकडावरच, लाकडी खुंट्यांनी बसवीत. इथं खाली लोखंड होतं, म्हणून त्यांनी प्रथमच बाभळीतून लोखंडी बोल्ट आरपार घेतले. फळीला फळी अशी भिडली होती की मध्ये नख जात नव्हतं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत.

पंधरा दिवसांनी अवकाळी पाऊस झाला. भरलेला गाडा दिवसभर भिजला आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनवर गाठी उतरवल्या तेव्हा खालच्या अकरा गाठींना तळहाताएवढे काळे डाग होते. तरट फाडलं, तर आतल्या रुईवरही डाग. खरेदीदाराच्या माणसानं त्या परत पाठवल्या.

काळा डाग म्हणजे शाई, आणि जिनिंगमध्ये शाई एकाच माणसाच्या हाती होती.

“मुन्शी, शाईचं मडकं गाड्यावर नेलं होतं?” सेठजींनी विचारलं.

“न्हाई, सेठजी.”

“मंग आभाळातून पडली?”

सोमवारी निकाल सांगतो, सेठजी म्हणाले. निकाल काय असणार ते मला माहीत होतं. घरात कमावणारा मी एकटा होतो, आणि रुई खराब करणाऱ्या मुन्शीला परतूरच काय, जालन्यातही कुणी उभं केलं नसतं.

मिस्त्रींना कुणी काही विचारलं नव्हतं. ते आपणहून आले, गाड्याखाली शिरले, एका बोल्टभोवती बोट फिरवलं आणि बोट माझ्यापुढे धरलं. काळं होतं.

“तुम्ही शाईत काय काय घालता?”

“तुमची साल, पाणी अन् हिराकस.”

“हिराकस म्हंजे काय असतंय?”

“लोखंडापासूनच करतात.”

त्यांनी ते बोट बोल्टाशेजारच्या फळीवर टेकवलं. “मंग मी बी तेच केलं की,” म्हणाले. “साल तुम्हाला देत गेल्तो अन् मलाच कळलं न्हाई.”

मलाही कळलं नव्हतं. रोज तीच शाई ढवळणाऱ्या मला आधी कळायला हवं होतं.

सोमवारी सकाळी ते पेढीवर आले. हातात बाभळीचा तुकडा, त्यात एक बोल्ट, वर ओली चिंधी. सेठजींच्या पांढऱ्या चादरीवर त्यांनी तो ठेवला आणि चिंधी उचलली. बोल्टभोवती काळं कडं होतं.

“ही शाई मुन्शीनं सांडली न्हाई. ही मी बनवली.”

सेठजींनी तुकडा उलटून पाहिला. “मिस्त्री, तुम्ही गप बसला असता, तर कुणाला कळलं असतं?”

“मुन्शी गेला असता ना पण.”

माझी नोकरी राहिली. मिस्त्रींनी फळ्या काढून नेल्या. पुढं परवाना आला, सागवान आलं. पण ते बसवायला जालन्याचा सुतार आला. दोन हंगाम जिनिंगचं एकही काम मिस्त्रींना मिळालं नाही. बाजारात त्यांचं नाव ‘शाईवाले मिस्त्री’ पडलं. जाणारायेणारा हाक मारी, “मिस्त्री, दौत भरून द्या की!” हातातला रंधा न थांबवता ते म्हणत, “बाटली आणा.” त्यांच्या चेहऱ्यावरून ही थट्टा त्यांना लागते की नाही, हे मला कधी ओळखता आलं नाही. बहुधा लागत असावी. पण माझ्या नावाला लागायचा तो डाग त्यांनी स्वतःच्या नावाला लावून घेतला होता, आणि तो धुऊन काढायची त्यांना घाई नव्हती.

पोस्टकार्डानंतर तीन आठवड्यांनी मी परतूरला गेलो. दुकानात बळीराम एकटा काम करीत होता. खिडकीत लाकडाचा एक तुकडा होता, त्यात खिळा, वर वाळून कडक झालेली चिंधी. एका जमीनदाराच्या कापसाच्या गाड्यासाठी बळीरामनं लाकूड निवडलं होतं. वडील म्हणाले, आधी तुकडा ओल्या चिंधीखाली ठेवून बघू. ठेवलं, आणि त्याच संध्याकाळी त्यांना ताप आला. जिनिंगच्या त्या गाड्यापासून गिऱ्हाइकाच्या प्रत्येक लाकडाचं ते असंच करीत, हे मला बळीरामनं सांगितलं. “ताप आला तेव्हापासून हात लावला न्हाई मी,” तो म्हणाला, आणि माझ्यासमोर त्यानं चिंधी उचलली. खाली काळं होतं.

तेवढ्यात ते जमीनदार, अंतरवालीचे पाटील, दारात आले. “बळीराम, गाडा कवा देतो? तुझ्या बापानं शब्द दिल्ता मला.”

बळीरामनं तुकडा त्यांच्या हातात दिला. “वेळ लागंल, पाटील. लाकूड चुकलं. मी निवडलं ते.”

पाटलांनी डागावर अंगठा घासला. “चुकलं म्हणून कोण म्हणतंय?”

“बाबा.”

पाटलांनी खिळा ठोकलेला तुकडा जपून बाकावर ठेवला. बळीरामनं चिंधी बादलीत बुडवून पिळली आणि दुसऱ्या लाकडाचा तुकडा खिडकीत ठेवला.