बाबांना खरं सांगितलं तो दिवस

रायपूरच्या एका प्रयोगशाळेत मी मज्जारज्जूच्या दुखापतीवर काम करते. उंदरांच्या तुटलेल्या नसा पुन्हा वाढतात का, ते पाहायचं. मला तिथं लागून दोन वर्षं झाली असतील, तेव्हा बाबा पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडले आणि मज्जारज्जूला मार बसून त्यांचं कमरेखालचं अंग लुळं झालं.

रायपूरच्याच बूढापारा वस्तीतल्या आमच्या घरात, रोज सकाळी जवळच्या तलावाला फेरी मारणारा हा निवृत्त रेल्वेवाला माणूस पलंगावर पडून राहिला. व्हीलचेअर आणली, पण बाबा तिच्याकडे बघेनात. आईनं तिच्यावर चादरींच्या घड्या ठेवायला सुरुवात केली. भेटायला येणाऱ्यांना बाबा सांगत, "आमची पोट्टी याच्यावरच काम करून राहिली. थोड्या दिवसांची गोष्ट आहे."

मी चहा ठेवायला आत जायचे. असे चार महिने गेले.

एका रविवारी मी त्यांच्या पायांना व्यायाम देत होते. ते म्हणाले, "खरं सांग, तुझे उंदीर चालून राहिले का?"

"काही उंदीर थोडे पाय हलवतात. पण त्यांना आम्ही दुखापत झाल्या झाल्या औषध देतो, बाबा. अन् उंदीर म्हणजे माणूस नाही."

"मग माह्यं?"

"हातापायातल्या नसा हळूहळू वाढतात. मज्जारज्जूतल्या तशा वाढत नाहीत. काहून, तेच शोधून राहिलो आम्ही. तुमच्यासाठी आज माह्याजवळ काहीच नाही."

आई दारातच थांबली होती.

"चार महिने काहून नाही सांगितलं?" बाबांनी विचारलं.

"भीती वाटली."

बाबा म्हणाले, "मलेही शंका होती. पण तू एवढी मेहनत करून राहिली, म्हटलं मीच धीर सोडला तर तुले वाईट वाटंल."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. थोड्या वेळानं आईला म्हणाले, "त्या खुर्चीवरच्या चादरी काढ."

पहिल्यांदा खुर्चीत बसवताना आम्ही तिघंही घामाघूम झालो. पुढे चाकं बाहेर काढता यावीत म्हणून उंबऱ्यावर फळी टाकली.

बाबा चालू लागले नाहीत. माझं काम सुरू आहे, फार सावकाश. संध्याकाळी ते स्वतः चाकं ढकलत तलावाकाठी जातात. गल्लीत आडव्या स्कूटर लावणाऱ्यांशी त्यांचं रोज भांडण होतं, आणि बहुतेक वेळा स्कूटर हलते.