बसच्या पाठीला दार

ग्राइंडरचं पातं बसच्या मागच्या पिवळ्या पत्र्याला पहिल्यांदा लागलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. आवाज इतका होता की त्या कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. माझ्या शेजारी बसचा ड्रायव्हर उभा होता. ही बस त्याने कितीतरी वर्षं घाटकोपरच्या एका शाळेची मुलं घेऊन चालवली होती. आमच्या संस्थेने ती विकत घेतली आणि तोही तिच्याबरोबर आमच्याकडे आला.

"चांगली काच होती ना रे," तो म्हणाला. मागची काच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. "एक ओरखडा नव्हता. कशाला काढली?"

कशाला ते मी त्याला चार वेळा सांगितलं होतं. पाचव्यांदाही आनंदाने सांगितलं. या बसमध्ये आम्ही फिरती प्रयोगशाळा करत होतो. ज्या शाळांकडे प्रयोगशाळेला खोली नाही, त्यांच्या मैदानात ही बस जाऊन उभी राहणार. पण बसला पुढे एकच अरुंद दार. मुलं एकेक करून आत जाणार, आत बारा मावणार, उरलेली उन्हात ताटकळणार. म्हणून माझ्या डोक्यात आलं की बसची पाठच उघडायची. वर उचललं जाणारं एकच मोठं दार. उघडलं की त्याची सावली पडेल, आतून प्रयोगाचं टेबल रुळांवरून बाहेर सरकेल आणि अख्खा वर्ग तिन्ही बाजूंनी उभा राहून बघेल.

ही कल्पना कुठून आली हे मला पक्कं माहीत आहे. आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत विज्ञानाचं एक काचेचं कपाट होतं. त्यातली एक परीक्षानळी सर वर्षातून दोनदा काढायचे. वर्गात आम्ही सत्तर जण. सर नळी उंच धरून म्हणायचे, "रंग बदलला, दिसला का?" मागच्या बाकावरून आम्ही सगळे ओरडायचो, "दिसला सर." मला तो रंग कधीच दिसला नाही. तरी त्याच सरांनी दहावीनंतर माझा फॉर्म भरला, डिप्लोमा आणि मग डिग्री असा रस्ता दाखवला, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तक्रार नाही. नळी एकच होती आणि हात एवढाच उंच जाऊ शकत होता.

संस्था चालवणाऱ्या ताईंना माझा नकाशा आवडला, पण त्या सावध होत्या. "मागचा पत्रा एकदा कापला की परत चिकटत नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या शब्दावर कापू देतेय. सोमवारी मुलुंडच्या शाळेत पहिला कार्यक्रम आहे. शनिवारपर्यंत दार नीट लागलं नाही तर तिथे साधा पत्रा ठोकून घ्यायचा, आणि मग तो कायमचा. परत दाराचा विषय नाही. कबूल?"

मी लगेच कबूल केलं.

काम कांजूरमार्गच्या एका गाळ्यात चाललं होतं. गाळेवाले काका मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर यांनी वेल्डिंगचं मशीन घेतलं आणि बसचे सांगाडे, शटर, जिने असं सगळं करत आले. कापलेला पत्रा खाली आला तेव्हा बसमधून आरपार उजेड आला आणि समोरून खाडीकडचा वारा सरळ आत घुसला. डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास घेऊन आला, पण मी त्या भोकात उभा राहून हात पसरले. काका खालून म्हणाले, "इंजिनेर, पडशीत."

पुढचे चार दिवस फार मजेत गेले. दाराचा सांगाडा हलक्या चौकोनी पाइपचा, त्यावर कापून काढलेलाच पिवळा पत्रा. त्यावर ‘अंतर ठेवा’ अशी अक्षरं होती, ती मी मुद्दाम राहू दिली. दार वर धरून ठेवायला गाडीच्या डिकीला असतात तसे गॅसचे दांडे हवे होते. ते मी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या दुकानांतून शोधून आणले, प्रत्येक दांडा दुकानदारासमोर छातीने दाबून बघत. तो म्हणाला, "भाई, व्यायाम नंतर कर." मला त्याचंही हसू आलं.

आणि इथेच माझी चूक झाली.

बसचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवर गाडीचं वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, दुरुस्तीला गेले होते. त्यामुळे बस चाकांवर नव्हतीच. चार कोपऱ्यांत लाकडी ठोकळ्यांचे ढीग रचून त्यांवर ती बसवलेली होती. गुरुवारी दार तयार झालं. पाटे शुक्रवारी संध्याकाळी येणार होते. मी म्हटलं, थांबायचं कशाला, आत्ताच बिजागऱ्या वेल्ड करून टाकू.

काकांनी विडी विझवली. "गाडी पायार उभी रवांदे," ते म्हणाले. "मगे दार लावया."

"काका, मी तीन वेळा मापं घेतलीत. हे बघा, दोन्ही कर्ण सारखे आहेत." मी नकाशा त्यांच्यापुढे धरला. "चौकट काटकोनात आहे. ठोकळ्यावर असो की चाकावर, काय फरक पडतो?"

"तुज्या कागदार सरळ आसा. गाडयेक खंय कागद वाचूक येता?"

मला वाटलं, हे जुन्या पद्धतीचे आहेत, यांना घाई नको असते. मी नम्रपणे, पण डिग्री असलेल्या माणसाच्या नम्रपणाने म्हटलं, "जबाबदारी माझी. तुम्ही पक्कं करून टाका."

"बरां," ते म्हणाले. "तू म्हणतंस तर बरां."

मी टेबलाचे रूळ आणायला गेलो. परत आलो तेव्हा दार लागलं होतं. बिजागऱ्यांवर पाणी जाऊ नये म्हणून लांब पन्हळीची पट्टीही स्क्रूने बसवून झाली होती. मी एका हाताने दार उचललं. ते वर गेलं आणि दांड्यांवर तरंगत राहिलं. खाली ओढलं, कुलूप ‘टक’ करून लागलं. मी ते निदान पंचवीस वेळा केलं. ताईंना व्हिडिओ पाठवला. गावाकडे वडिलांनाही पाठवला. त्यांचा फोन आला, "बसला मागून फाटक केलंस होय? चांगलंय. माणसं पडणार नाहीत ना?"

शनिवारी सकाळी बस पाट्यांवर, चाकांवर उतरली. मी दार ओढलं. डाव्या बाजूला ते टेकलं आणि उजवा खालचा कोपरा दोन बोटं बाहेर राहिला. मी जोर लावला. कोपरा तसाच.

ड्रायव्हर मागे येऊन उभा राहिला. "वाट लागली," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून, "म्हणजे, थोडी लागली."

मी टेप काढली. कर्ण मोजले. एक लांब, एक आखूड. तेव्हा मला सगळं समजलं. गाळ्याची जमीन गटाराकडे उतरती होती, ठोकळ्यांचा एक ढीग थोडा खाली बसला होता. पाठ कापलेली बस म्हणजे झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका. तो आडवा-उभा सहज पिळला जातो. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. मी मापलेली चौकट पिळलेल्या बसची होती. बस सरळ झाली आणि दार वाकडं ठरलं. आता पक्क्या वेल्डिंगच्या बिजागऱ्या कापायच्या तर वरचा पत्रा फाटणार. ताई दुपारी येणार होत्या. मी पत्रा ठोकायची मापं मनात घ्यायला लागलो होतो.

"शिडी आण," काका म्हणाले.

मी आणली. त्यांनी वरची पन्हळपट्टी सोडवली आणि मला वर बोलावलं. बिजागऱ्यांना पूर्ण वेल्डिंग नव्हतंच. प्रत्येकीला चार-पाच ठिपके, शिंपी माप बघायला कच्चे टाके घालतो तेवढेच.

"काका, मी पक्कं करायला सांगितलं होतं."

"सांगलेलंस. मियांय तुका सांगान बघलंय, तू आयकाक तयार नव्हतंस. मगे टाके मारून गप रवलंय." त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "भियां नको झिला. सामान भर."

"सामान?"

"सोमवारी गाडी रिकामी जातली काय?"

तेव्हा मला दुसराही धडा कळला. बस जशी शाळेत उभी राहणार, तशीच भरून उभी करायची आणि मग दार लावायचं. मी पळत सुटलो. सूक्ष्मदर्शकांची खोकी, टेबल, रूळ, पाण्याची टाकी. टाकी ड्रायव्हरने नळी लावून भरली. ताई आल्या तेव्हा मी त्यांना सगळं खरं सांगितलं, चूक माझी हेही. त्या पर्स बाजूला ठेवून म्हणाल्या, "शनिवार संपायला अजून वेळ आहे. मी काय उचलू?" त्यांनी काचेच्या बरण्यांची खोकी उचलली.

बस भरली. मागून ती बोटभर खाली बसली. काकांनी टाके एकेक करून घासून तोडले, आम्ही तिघांनी दार चौकटीवर धरलं आणि ते खालून बघत राहिले. "डावीकडे. थोडां. गो बाय, तू ढकलू नको, नुसता धर." हे ताईंना होतं. ताईंनी नुसतं धरलं. दार बसच्या नव्या चौकटीप्रमाणे जरासं फिरवलं, एका बिजागरीखाली पातळ पट्टी घातली. दाराच्या कडेला काकांनी पहिल्याच दिवशी माझ्या नकाशापेक्षा जास्त रुंद ओठ, म्हणजे चौकटीवर येणारी पत्र्याची कड, ठेवला होता. मी तेव्हा "उगाच वजन" म्हणालो होतो. उरलेली फट त्या ओठाखाली गेली.

मग त्यांनी कालच्या वर्तमानपत्राची पट्टी फाडून दार आणि चौकटीवरचं रबर यांच्या मध्ये धरली आणि दार लावलं. "ओढ." मी ओढली. ती निघाली नाही. सगळ्या कडेने, हात-हातभर अंतरावर आम्ही कागद घालून ओढत गेलो. कुठेच निघाला नाही. उजव्या खालच्या कोपऱ्यात मी दोनदा घातला.

"आता पक्कां करू?" काकांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

"तुम्ही म्हणाल तेव्हा," मी म्हटलं.

सोमवारी मुलुंडच्या मैदानात बस उभी राहिली. सातवीचा वर्ग रांगेत आला. मी दाराकडे निघालो, तेवढ्यात पुढची एक मुलगी म्हणाली, "सर, इथे ‘अंतर ठेवा’ लिहिलंय. जवळ येऊ का?"

"ये. आणि तूच उघड."

दाराला काकांनी जुन्या सीटचा पट्टा शिवून लावला होता. तिने तो धरून दार थोडं उचललं आणि सोडलं. पुढचं काम दांड्यांनी केलं. दार वर गेलं, सावली पडली, टेबल बाहेर आलं. पहिल्या प्रयोगात पाण्याचा रंग गुलाबी झाला. "दिसला का?" मी विचारलं, आणि मग सगळ्यात मागे जाऊन उभा राहिलो. तिथून दिसत होता.

मी लगेच काकांना फोन लावला.

"उघडलां?" त्यांनी विचारलं.

"एका हाताने. सातवीतल्या मुलीने."

"उघाडतलांच. बंद झाला काय ता बघ, मगे फोन कर."

वर्ग संपल्यावर मी दार लावलं, खिशातला कागद काढून उजव्या कोपऱ्यात घातला, आणि ओढून बघितला. निघाला नाही.