रद्दबातल झालेला साखरपुडा

माझी सोयरीक मोडली ती माझ्या एका नकलेनं. आन् ती नक्कल खुद्द सासऱ्यांनीच मागितली व्हती. दोष कुणाचा ते तुमी ठरवा, मी कवाच ठरवलाय.

लढाई नुकतीच संपली व्हती, पर साखर अजून रेशनवरच. मी वडूजच्या शाळेतनं फायनल पास होऊन माधवनगरच्या गिरणीत लागलो व्हतो. तितल्याच एका सुभेदारांची पोरगी मला सांगून आली. सुभेदार पेन्शनीत आले व्हते, पर ही गोष्ट त्यांना कुणी कळवली नसावी. चुलीपतूर जायचं तरी लेफ्ट-राइट. म्हशीलासुद्धा हिंदीत हुकूम सोडायचे, "खडे रहो!" म्हैस आपली मराठी, ती खाली बसायची.

साखरपुड्याला आमच्या आयनं पाच शेर साखर नेली. पाच शेर! त्यासाठी चार महिने आमी गुळाचा चहा प्यालो, आन् आळीतल्या निम्म्या बायांची कार्डं आयनं गोड बोलून वापरली. लुगडं दिलं, पोरीच्या हातात पुडा दिला, घरोघर साखर वाटून झाली, जेवणं झाली. तवा कुणीतरी काडी टाकली, "नवरदेव नकला लय झ्याक करतोय म्हणं."

मी गिरणीतल्या जॉबरची, म्हंजे आमच्या मुकादमाची केली. रेशनच्या कारकुनाची केली. सुभेदार मांडीवर थापा मारून हसले आन् म्हणाले, "शाबास! आता आमची करा. डरो मत!"

शेजारी बसलेला दोस्त कानात म्हणला, "करू नगं गड्या."

आता हुकूम सुभेदारांचा. मी मिशीला पीळ दिला, छाती काढली, म्हशीला खडी केली. हितवर सुभेदार हसतच व्हते. मग मी बायकी आवाज काढला, "आवं, जरा पाणी भरता का?" आन् तीच छाती खाली सोडून, हळूच, "आलो आलो, घागर कुटं ठिवलीस गं?"

आत माझ्या होणाऱ्या सासूबाई अशा हसल्या, की हातातली पळी खाली पडली. त्या हसण्यानंच घात केला. पाव्हणे हसलेलं सुभेदारांनी सोसलं असतं, बायकोचं हसू कसं सोसावं? दारात पोरगी उभी व्हती. पदर तोंडाला लावून ती मान हलवत व्हती, म्हंजे आता थांबा. तेवढंच बघून पुढं आठ दिवस मी गिरणीत तुटलेले धागे जोडायचं इसरलो. कुणी काय म्हणो, मला तीच पायजे व्हती.

नवव्या दिवशी वडूजच्या घरी सांगलीच्या वकिलाची नोटीस. सुट्टीवर मीच आलो व्हतो, मीच वाचली. नोटीस देण्यात येते ऐसीजे, आमचे अशिलाचे कन्येची तुमचेशी ठरलेली सोयरीक मुळापासून रद्दबातल, निरर्थक व पोकळ समजावी. मी ती वकिलाच्या आवाजात, नाकातनं वाचली. आय हसली न्हाई.

वडूजच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली अर्ज लिहून देणारा एक म्हातारा बसायचा. कोर्टातल्या वकिलांपेक्षा त्याला कायदा जास्त येतो, असं त्याचं स्वतःचं मत व्हतं. त्यानं नोटीस चष्म्याला चिकटवून वाचली.

"रद्द न्हाई, रद्दबातल म्हटलंय," तो म्हणला. "वकील हुशार हाय."

"फरक काय वं त्यात?" आयनं इचारलं.

"लय. रद्द म्हंजे बांधलेलं घर आजपासनं पाडलं. मुळापासून रद्दबातल म्हंजे घर कवा बांधलंच नव्हतं. कायद्याच्या हिशेबी तुमचा साखरपुडा झालाच न्हाई, आक्का."

"झालाच न्हाई?"

"न्हाई."

"मग माझी साखर डब्यात पायजे व्हती. ती कुटं हाय?"

म्हाताऱ्याचं पान चघळायचं थांबलं. "आक्का," तो म्हणला, "तुमी कोर्टात जन्माला यायला पायजे व्हतं." आन् त्यानं टाक उचलला.

उत्तर असं गेलं, की सोयरीक झालीच नसंल तर समदं पूर्वीसारखं करून द्यावं. लुगडं एक. साखर पाच शेर, पांढरी. बदली माल घेतला जाणार न्हाई. आमच्याकडची रीतच हाय, पहिली साखर परत गेल्याबिगर दुसऱ्याची साखर त्या घरात चढत न्हाई. म्हंजे सुभेदार अडकले.

त्यांनी गड्याबरोबर लुगडं धाडलं, आन् साखरेऐवजी गुळाची अख्खी ढेप. आयनं लुगडं ठिवून घेतलं आन् ढेप परत लावली. "आमी गूळपुडा केला नव्हता म्हणावं."

मग सुभेदारांनी मोहीमच काढली. घरातला चहा गुळाचा, रेशनची साखर थेट डब्यात. फौजेत तीन-तीन चमचे घालून प्यायलेला माणूस, पर आमच्याकडची साखर फेडायची म्हणून गूळ गिळत व्हता. एक महिना गेला, दोन गेले, तीन गेले. मी हिकडं रोज देवाला म्हणायचो, डबा भरू देऊ नगंस. देवाला दुसरी कामं नसल्यागत.

एका रविवारी सुभेदारांचा सांगावा आला, या. गेलो. त्यांनी म्होरं डबा आदळला. तळाला शेरभर साखर.

"तीन महिने साठवतोय," ते म्हणाले. "भरंना. मुंग्या खात्यात."

पोरगी चहा घेऊन आली आन् आढ्याकडं बघत उभी राहिली. मी घोट घेतला. चहा कसला, पाक! तीन चमच्यांच्या खाली न्हाई. मुंगी कोण ते मला तितंच कळलं.

सुभेदारांनी आपल्या कपात बघितलं, मग माझ्या कपात. "तुमचा चहा पांढरा कसा दिसतोय?"

पोरीचं आढ्याकडं बघायचं थांबलं.

जन्मात केली न्हाई अशी नक्कल मी तवा केली. गुळाचा चहा पिणाऱ्याची. नाक मुरडलं, घोट तोंडात घोळवला, जीव मुठीत धरून गिळला. "दूध जास्त पडलंय, मामा. गूळ जरा खारट हाय."

"खारटच हाय!" सुभेदार कळवळून म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचं दुःख कळणारा मीच पहिला भेटलो असणार. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मुंग्यांम्होरं फौज चालत न्हाई. वकिलाला सांगतो, ती नोटीसच रद्दबातल."

"मुळापासून?" मी इचारून घेतलं.

"मुळापासून. पर मग ती तुमची नक्कलबी झालीच न्हाई. कळलं?"

"कसली नक्कल, मामा?"

तवर आतनं आवाज आला, "आवं, जरा पाणी भरता का?"

सुभेदार उठले. मी तोंड कपात घातलं, ते घागरीचा आवाज येईपतूर भाईर काढलं न्हाई.