गप्प न बसणारं विमान

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. करमाडजवळ स्कूटरमधलं पेट्रोल संपलं, म्हणून मी एका पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो. आत अंबाड्यात टेस्टर खोचलेल्या बाई स्वतः बांधलेल्या विमानाशी झटत होत्या. उजवा हात अधू, त्यामुळं विमान वळवायचा दांडा सांभाळायला ऑटोपायलट हवाच. पण रेडिओवर बोलायचं बटण दाबलं, की दांडा आपोआप डावीकडं झुकायचा.

"वैनी, वर गेल्यावर बोलूच नका," त्यांचा दीर म्हणाला. "नाय तर इमान इकून टाका."

"गप्प बसून उडायचं असतं तर पतंग उडवला असता!"

त्यांनी मला सीटवर बसवलं. मी ऐटीत बटण दाबून "हॅलो" म्हणालो. दांडा गुडघ्यावर आदळला आणि मी "आई गं" करत थेट दारात! दीर खो-खो हसला.

बाई हसल्या नाहीत. रेडिओच्या अँटेनाची वायर ऑटोपायलटच्या वायरींना चिकटून गेली होती; बोलायला लागलं, की रेडिओच्या लहरी त्यात घुसायच्या. ती त्यांनी उपसून पार दुसऱ्या बाजूनं नेली.

"आता बोला."

जन्मभर वटवट करणारा मी गुडघा चोळत दारातच थांबलो. शेवटी त्यांनीच बटण दाबलं आणि दिराकडं बघत माइकमध्ये म्हणाल्या, "इमान इकायचं नाय."

दांडा जागचा हलला नाही.