बाईंचा ळ

बोर्ड विकणाऱ्याने आमच्या बाईंना फसवलं. सुरतेतल्या लिंबायतच्या मराठी शाळेला स्मार्ट बोर्ड घेऊन देताना मी घासाघीस करून त्याच भावात बाईंना तो चालवायला शिकवणंही ठरवलं होतं. त्याचा माणूस आला, चहा प्यायला आणि मराठी कशी लावायची ते न दाखवताच, "फावी जशे, बेन", जमून जाईल, म्हणून गेला.

बाई बोर्डाला हात लावण्याआधी खडूची बोटं पदराला पुसतात. त्या 'शाळा' लिहितात, हिंदीवर अडकलेला बोर्ड 'शाला' करतो, खानदेशी पोरं आपल्या बोलीत 'शाया' वाचतात. बाई हसतात आणि शेजारच्या जुन्या फळ्यावर मोठा ळ काढतात.

मी विकणाऱ्यावर चिडलो, तर बाई म्हणाल्या, "भाऊ, मलाच येत नसेल."

हे वाक्य बाईंच्या तोंडी कोणी घातलं, त्याचा जाब मला हवाय.